टीपमावशीची एकतीस हजार कडी

टीपमावशीने आयुष्यात दोनच कामं केली. चाळीस वर्षं कपडे शिवले आणि नंतर तीन वर्षं लोकांच्या काळजात डोकावून पाहिलं. दोन्हीकडे हात तोच, डोळे तेच आणि खोडही तीच. हाताला लागलेली खोड जागा बदलली म्हणून सुटत नाही, माहेरची सवय सासरी येते तशी ती मागोमाग चालत येते. त्या खोडीपायी तिची तीन वर्षांची एकतीस हजार कडी एका मंगळवारी टोपलीत जायला निघाली होती. ती गेली असती तर पाठोपाठ तिची खुर्चीही गेली असती. ही कडी हातात घालायची नव्हेत, पण ते पुढे येईलच.

मशीनवर तिची टीप इतकी सरळ पडायची की पट्टी धरून मारलेली रेघ तिच्यापुढे वाकडी दिसावी. म्हणून ती टीपमावशी. खरं नाव रेशन कार्डावर राहिलं. जिन्याखाली अडीच हात रुंदीचं दुकान, पुढ्यात मशीन, डावीकडे बेतायचं टेबल आणि उजवीकडे सासूबाई. सासूबाई काजं करायच्या, बटणं लावायच्या आणि आलेल्या गिऱ्हाइकाला त्याचं पोट सुटलंय हे टेप लावायच्या आधीच सांगून मोकळ्या व्हायच्या.

"पोट आत ओढू नका हो. कोट काय रोज श्वास कोंडून घालणार आहात?"

गिऱ्हाईक एकतर हसायचं, नाहीतर जायचं. बहुतेक हसायचं, कारण टीप चांगली होती.

सुनेला कापड बेतायला शिकवलं ते सासूबाईंनीच. नवरा लांबच्या गाड्या चालवणारा, चार दिवसांनी पाहुण्यासारखा उगवायचा आणि धुतलेले कपडे घेऊन परत जायचा. त्यामुळे संसार म्हणजे या दोघीच. एकमेकींशी भांडायच्या दोघीच आणि एक होऊन गिऱ्हाइकाशी भांडायच्याही दोघीच.

पुढे तयार कपड्यांची दुकानं झाली. लोक कोट तिकडून घ्यायचे आणि बाही आखूड करायला इकडे आणायचे. "लग्न दुसरीकडे आणि रुसवा काढायला आपल्याकडे," सासूबाई म्हणायच्या. त्यातच पायडल मारून मारून टीपमावशीचा गुडघा बसला. डॉक्टरांनी मशीन बंद करायला सांगितलं. हात शाबूत, डोळे शाबूत, आणि एका गुडघ्यापायी सगळं ठप्प. गाडीचं एक चाक गेलं म्हणून बैलांनी घरी बसावं तसं झालं.

तेवढ्यात चष्मेवाली आली. ही हृदयाच्या मोठ्या इस्पितळात यंत्रावर काम करणारी मुलगी. वय पंचविशीचं, चष्मा पन्नाशीचा. जॅकेटचं अस्तर फाटलं म्हणून आली आणि टीपमावशी खडूने गळ्याचा गोल आखत होती तो बघत उभी राहिली. एका दमात, हात न उचलता, खडू निघाला तिथेच परत येऊन टेकला.

"मावशी, तुम्हाला माउस धरता येतो?"

"धरायचा कशाला? मी थेट मारते," टीपमावशी म्हणाली.

चष्मेवाली इतकी हसली की चष्मा पुसायला लागला. पण तिने बोलणं सोडलं नाही, आणि पंधरा दिवसांनी टीपमावशी इस्पितळाच्या मागच्या इमारतीच्या फाटकात उभी होती. पहारेकरी म्हणाला, "मावशी, झाडू मागच्या दाराशी असतो."

"असू दे. तुमच्या गणवेशाची खांद्यावरची शिवण उसवलीय, ती आधी बघा."

त्याने खांद्याला हात लावून पाहिला. खरंच उसवली होती. त्या दिवसापासून तो तिला उठून दार उघडायला लागला.

आता कडी म्हणजे काय ते. काळजाला रक्त पोचवणाऱ्या नळ्या असतात, आपल्या शर्टाच्या बटणाच्या काजापेक्षाही बारीक. त्यांत चरबी साठून वाट अरुंद झाली की माणसाच्या छातीत दुखतं. मग डॉक्टर मनगटातून एक तार आत सरकवतात, ती पार काळजापर्यंत. तारेच्या टोकाशी इवलासा दिवा. तो गरगर फिरत मागे ओढला जातो आणि फिरता फिरता नळीच्या आतली चित्रं काढतो. चार बोटं लांबीच्या नळीची चारशे चित्रं. प्रत्येक चित्र म्हणजे नळीचा आडवा काप. विहिरीत वरून वाकून पाहावं तसं दिसतं: मधे काळोख, भोवती गोल भिंत, आणि एका बाजूला खुद्द त्या तारेची सावली पडून भिंतीत गेलेली काळी फट.

टीपमावशीचं काम एवढंच. काळोख संपतो आणि भिंत सुरू होते तिथून माउसने रेघ फिरवायची आणि पुरं कडं काढायचं. सावलीच्या फटीत भिंत दिसत नाही, तिथे दोन्हीकडचा अंदाज घेऊन जोडायचं. अशी हजारो कडी बघून यंत्र शिकतं. मग नवं चित्र आलं की ते आपलं आपण कडं काढतं आणि नळीची रुंदी सांगतं. शिवायचं ते मशीन आणि शिकायचं ते यंत्र, असा टीपमावशीने दोघांत फरक ठेवला होता. एकाला तेल लागतं, दुसऱ्याला कडी.

रुंदी कशाला हवी, हे तिला डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. हे डॉक्टर उंच, कमी बोलणारे, उभ्या उभ्या चहा पिणारे. अरुंद जागी ते जाळीची बारीक नळी नेऊन फुगवतात, तिला स्टेंट म्हणतात. ती मापाची हवी. सैल झाली तर भिंतीला टेकत नाही, घट्ट झाली तर भिंत फाटते.

"म्हणजे शिवणकामच की," टीपमावशी म्हणाली. "फक्त गिऱ्हाइकाला घालून बघायची सोय नाही."

डॉक्टरांनी चहाचा कप खाली ठेवून तिच्याकडे नीट पाहिलं. "हो," ते म्हणाले. "तेवढीच सोय नाही."

कडी काढणारी पाच माणसं होती. टीपमावशीच्या शेजारच्या खुर्चीत एक मास्तर बसायचे, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. मास्तरांचा हात थरथरायचा. एक कडं काढायला त्यांना जेवढा वेळ लागे तेवढ्यात टीपमावशीची तीन होत. पाचांची मिळून साठ हजार कडी झाली, त्यांतली निम्मीशिम्मी हिची एकटीची. साहजिकच थोडा तोरा आला. तोरा काय, तो कोणालाही येतो. तिच्या बाबतीत तो जिभेवर आला एवढंच.

तीन वर्षं झाली आणि यंत्राची परीक्षा ठरली. परीक्षा पास झाल्याशिवाय यंत्र खऱ्या माणसाजवळ न्यायचं नव्हतं. परीक्षा अगदी साधी. काचेसारख्या प्लास्टिकची एक नळी, आतून नेमकी तीन मिलिमीटर, पाण्यात धरायची, तिच्यात तोच दिवा फिरवायचा आणि यंत्राला विचारायचं, सांग रुंदी. नळीला ना दुखणं ना लाज, ती खोटं बोलत नाही.

यंत्राने रुंदी जास्त सांगितली. दोन्हीकडे केसाएवढी. पुन्हा विचारलं, पुन्हा तेवढीच जास्त.

"कोणाच्या तरी हातात गडबड आहे," चष्मेवाली म्हणाली. "एकेकाची कडी तपासते. ज्यांची चुकलीत त्यांची सगळी काढून टाकावी लागतील. यंत्र चुकीचं शिकलं तर डॉक्टर चुकीची जाळी निवडतील."

टीपमावशीने मास्तरांकडे बघितलं आणि तिला राहवलं नाही.

"मास्तर, तुमचा हात बघून यंत्राला वाटलं असेल नळीच थरथरते."

"बाई, थरथर कशी असते," मास्तर शांतपणे म्हणाले, "ती जेवढी आत जाते तेवढीच बाहेर जाते. बेरीज शून्य."

"चित्रकलेच्या मास्तरांना बेरीज कधीपासून यायला लागली?"

बाकीचे हसले. मास्तरही हसले, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानंतरचे चार दिवस टीपमावशीने चहाच्या वेळी, डब्याच्या वेळी, जिना उतरताना मास्तरांना सोडलं नाही. घरी जाऊन सासूबाईंनाही सांगितलं. सासूबाई बटणाच्या डब्यातून मान वर न करता म्हणाल्या, "दुसऱ्याच्या घरात धूर दिसला की आधी आपल्या चुलीकडे बघावं."

"माझी चूल? माझी टीप आजवर वाकडी गेलीय का, आई?"

"मी टिपेचं कुठे बोलले?"

मंगळवारी चष्मेवालीने टीपमावशीला आपल्या टेबलाशी बोलावलं. एकटीला. चेहरा असा की दुकानात कोणी शिवलेला कपडा परत घेऊन यावा. तिने पडद्यावर टीपमावशीचं एक कडं उघडलं आणि मोठं केलं. आणखी मोठं केलं. आता भिंतीची कड पायरीएवढी दिसायला लागली आणि टीपमावशीची रेघ त्या पायरीवर नव्हतीच. ती भिंतीच्या बाजूला, जरा सरकून, बाहेर होती. कड आणि रेघ यांच्या मधे एक पट्टी सुटली होती. सगळीकडे सारखी, आखून सोडावी तशी.

"मावशी, हे मधे काय सोडलंय तुम्ही?"

टीपमावशीने विचारही केला नाही. चाळीस वर्षांचं उत्तर होतं.

"माया."

चष्मेवालीचे डोळे चष्म्याआड मऊ झाले. तिने टीपमावशीच्या हातावर हात ठेवला. "मावशी, तुम्ही किती जीव लावून काम करता ते आम्हाला माहीत आहे. पण इथे..."

"अगं ती माया नव्हे! शिवणीची माया! कापड बेतताना मापाच्या बाहेर सोडतात ती. मापावरच कापलं तर टीप कुठे घालणार? आणि उद्या पोर वाढलं, कोटवाला सुटला, तर उसवून मोठं करायला आत काही नको?"

"असं आहे होय," चष्मेवाली म्हणाली. मग हळूच म्हणाली, "पण मावशी, ही नळी उसवून मोठी करता येत नाही."

टीपमावशी खुर्चीत खाली बसली. गुडघ्याने कुरकुर केली ती तिला ऐकूही आली नाही. खडूची रेघ नेहमी टिपेच्या बाहेरून जाते. हाताने चाळीस वर्षं तेच केलं होतं, आणि कोणी न सांगता माउसनेही तेच केलं. एकतीस हजार वेळा.

"सगळी?" तिने विचारलं.

"आतापर्यंत बघितली तेवढ्यांत आहे."

"मग सगळी टाकणार?"

चष्मेवाली पडद्यावरची पट्टी पुन्हा मोजायला लागली. बाहेरच्या खोलीत कोणीतरी खुर्ची सरकवली. टीपमावशीला पहिल्यांदा आठवले ते मास्तर, आणि तिच्याच कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

तेवढ्यात चष्मेवाली सावरून बसली. "थांबा. पट्टी सगळीकडे सारखी असेल तर टाकायची गरज नाही. यंत्राला सांगू, मावशींचं प्रत्येक कडं केसभर आत घे."

"कपडा आत घेतात तसं."

"तसंच."

दोघींच्या जिवात जीव आला. दोन दिवस यंत्राने टीपमावशीची कडी आत घेतली, तिसऱ्या दिवशी नळी बरोबर आली. नेमकी तीन. पण मग खऱ्या माणसांच्या चित्रांवर ताडून पाहिलं, तर काही ठिकाणी बरोबर, काही ठिकाणी अजून सैल, आणि काही ठिकाणी उलट जास्त आत गेलेलं. चष्मेवालीने डोकं धरलं.

"मावशी, तुमचा हात एकसारखा नाहीये."

आता शिंपिणीला काहीही बोलावं. महाग म्हणावं, उशीर लावतेस म्हणावं. पण हात एकसारखा नाही म्हणणं म्हणजे आचाऱ्याला जिभेला चव नाही म्हणण्यासारखं आहे. टीपमावशी उठून उभी राहिली.

"चाळीस कागद छापून दे. माझ्याच कड्यांचे. कुठे किती पट्टी सुटलीय ते आकडे लिहू नकोस."

शनिवारी संध्याकाळी ते कागद ती घरी घेऊन आली. रविवारी सकाळी मशीनवरची चादर बाजूला करून बेतायच्या टेबलावर पसरले. सासूबाई जवळ आल्या, एक कागद नाकाशी धरून पाहिला.

"कापसाचं बोंड का हे?"

"माणसाचं काळीज आहे, आई. आतून."

"असं दिसतं होय? मला वाटलं होतं जरा बरं दिसत असेल."

टीपमावशी कागदावर कागद ठेवत गेली. काय शोधतेय हे तिचं तिलाही माहीत नव्हतं. हाताला मात्र माहीत होतं. दुपारपर्यंत टेबलावर तीन गठ्ठे झाले. एका गठ्ठ्यात भिंत घट्ट, एकसारखी, नव्या सुती कापडासारखी. दुसऱ्यात भिंतीवर चुना धरलेला, कड पत्र्यासारखी लख्ख. तिसऱ्यात चरबीची मऊ भिंत, कड विरत गेलेली, जुन्या धोतरासारखी, बोट लावलं तर जाईल अशी.

सासूबाईंनी तीन गठ्ठ्यांकडे बघितलं आणि एका दमात म्हणाल्या, "सुती, कॅनव्हास, विरलेलं."

"आणि माया?"

"सुतीला एक बोट. कॅनव्हासचे धागे सुटत नाहीत, त्याला नाही ठेवली तरी चालते. विरलेल्याला भरपूर, कारण ते टिपेतूनच निसटतं. मीच नाही का शिकवलं तुला? की तेही विसरलीस तिकडे जाऊन?"

टीपमावशीने सासूबाईंकडे बघितलं. या बाईने कोणाच्याही काळजात दिवा न घालता ओळखलं होतं.

सोमवारी चष्मेवालीच्या टेबलाभोवती सगळे जमले. डॉक्टर भिंतीला टेकून चहा घेत होते. आकडे चष्मेवालीपाशी झाकलेले. टीपमावशीने एकेक कागद उचलून सांगायचं, किती माया सोडली असेल, आणि मास्तरांनी लिहून घ्यायचं. मास्तरांनाच का, तर त्यांचं अक्षर चांगलं. थरथरत्या हातातून इतकं वळणदार अक्षर कसं येतं, हे टीपमावशीने आजवर कधी पाहिलंच नव्हतं.

"सुती. एक केस."

"एक," मास्तरांनी लिहिलं.

"कॅनव्हास. काही नाही."

"शून्य."

"विरलेलं. दीड."

"दीड."

असं चालत चालत तेविसाव्या कागदावर ती अडली. कागद उलटा केला, सुलटा केला. "हा माझा नाही."

"कशावरून?" डॉक्टरांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"रेघ थरथरलीय. पण बरोब्बर कडेवर आहे. थोडी आत, थोडी बाहेर, जाऊन येऊन कडेवरच." तिने मास्तरांकडे न बघता कागद त्यांच्यापुढे सरकवला. "हे कडं मास्तरांचं. बेरीज शून्य."

चष्मेवालीने तपासलं. छापताना चुकून मधे आलं होतं, मास्तरांचंच होतं. मास्तरांनी रकान्यात 'शून्य' लिहिलं आणि त्याखाली सावकाश एक रेघ ओढली. टीपमावशीला ती रेघ लागायची तिथे लागली. दुपारी तिने आपल्या डब्यातलं चांगलं ते त्यांच्या झाकणात वाढलं. मास्तर म्हणाले, "बाई, माया जास्त झाली." तेवढ्यावर हिशेब मिटला.

पण ते दुपारी. सकाळी आधी आकडे उघडले. एकोणचाळिसांपैकी तीस बरोबर. सुतीची सगळी बरोबर, कॅनव्हासची सगळी बरोबर. चुकलेली नऊच्या नऊ विरलेल्यातली. टीपमावशीने दीड म्हटलं होतं तिथे कुठे दोन निघालं, कुठे सव्वा, कुठे अडीचही.

"विरलेल्याला नियम नसतो," टीपमावशी म्हणाली. "ते हातात घेऊन बघायचं. त्या क्षणी जेवढं वाटेल तेवढं सोडायचं."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. "मावशी, माझे पेशंट दगावतात ते याच तिसऱ्या गठ्ठ्यात. मऊ भिंत फुटते आणि नळी बंद होते. मला माप सगळ्यांत जास्त तिथे हवंय, आणि तिथेच तुम्हाला सांगता येत नाहीये की रेघ किती बाहेर आहे."

"नाही सांगता येत," टीपमावशी म्हणाली.

"मग ती कडी मला नकोत. बाकीची आत घेता येतील, ती ठेवू."

भिंत कुठे मऊ आणि कुठे कडक, हे डॉक्टरांच्या लोकांनी आधीच प्रत्येक चित्रात रंगवून ठेवलेलं होतं, यंत्राचा दुसरा धडा म्हणून. त्यामुळे मोजायला वेळ लागला नाही. एकतीस हजारांतली सव्वादोन हजार. चष्मेवालीने ती एका बटणावर टोपलीत टाकली. टीपमावशी बघत उभी राहिली. शिवलेला कपडा कोणी परत आणला तर उसवताना निदान आवाज होतो. इथे काहीच झालं नाही.

"ती मीच पुन्हा काढते," ती म्हणाली.

"माया न सोडता?" डॉक्टरांनी विचारलं.

"न सोडता."

"दोन महिने आहेत फेरपरीक्षेला. काढून झाली की शंभर उचलून मी स्वतः बघेन. पुन्हा पट्टी दिसली तर मावशी, मग मला दुसऱ्या कोणाला तरी बसवावं लागेल." ते रागाने बोलले नाहीत, म्हणून जास्त लागलं.

पहिल्या दिवशी तिने बारा कडी काढली आणि बाराही पुसली. रेघ कडेवर ठेवली तरी फिरता फिरता बाहेर सरकायची, आणि मऊ भिंत आली की हात आपोआप लांबूनच वळायचा, झोपलेल्या पोराच्या अंगावरून हात फिरवताना जसा वळतो तसा. दुसऱ्या दिवशी नऊ पुसली. तिसऱ्या दिवशी घरी आली तर डबा उघडायचीही इच्छा नव्हती.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"माया सुटत नाही, आई."

"कशाची?"

"कड्यांची. मापावर कापायचं म्हटलं की हात भितो. चुकलं तर आत काही शिल्लकच नाही."

सासूबाईंनी बटणात दोरा ओवता ओवता सुनेकडे पाहिलं, गिऱ्हाइकाच्या पोटाकडे बघतात तसं.

"तुला तिथे कापड बेतायला ठेवलंय की माप घ्यायला?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? गिऱ्हाईक उभं केलंस, छातीला टेप लावलीस, छत्तीस आलं. वहीत काय लिहितेस?"

"छत्तीस."

"सदतीस का नाही? माया धरून?"

"माप ते माप, आई. माया नंतर, बेतताना."

"मग? त्या डॉक्टरने तुझ्याकडे माप मागितलंय. त्याला कपडा कसा शिवायचा, सैल किती ठेवायचा, ते तो बघेल की. त्याच्या हातची कात्री तू कशाला ओढून घेतेस?"

टीपमावशीने उठून हात धुतले. मग डबा उघडून जेवायला बसली.

चौथ्या दिवशी तिने माउस धरला तो खडूसारखा नाही, टेपेसारखा. मधला काळोख म्हणजे अंग, असं मनाशी धरलं. टेप आतून अंगाला टेकवत आणायची. घट्ट ओढायची नाही, ढिली सोडायची नाही. भिंत विरलेली असो की पत्र्याची, टेपेला त्याचं काय? पहिलं कडं काढून तिने चष्मेवालीला हाक मारली. चष्मेवालीने मोठं केलं, आणखी मोठं केलं. रेघ कडेवर बसली होती.

त्या दिवशी अठरा झाली. पुढच्या आठवड्यात दिवसाला तीस, मग पन्नास. गुडघा दुखला की ती पाय शेजारच्या खुर्चीवर ठेवायची. मास्तर आपली खुर्ची सरकवून द्यायचे आणि स्वतः स्टुलावर बसायचे. अधूनमधून मऊ भिंतीशी हात वळायचा. मग ती तोंडाने म्हणायची, "छत्तीस ते छत्तीस," आणि रेघ परत आत यायची. चष्मेवालीला सुरुवातीला वाटलं, मावशी काहीतरी जप करतात.

फेरपरीक्षेच्या आधीच्या आठवड्यात सव्वादोन हजार पुरी झाली. डॉक्टर दुपारी आले, स्टूल ओढून बसले आणि शंभर कडी एकेक करून पाहिली. त्यांच्या हातात चहा होता, तो थंड झाला तरी प्यायले नाहीत. टीपमावशी मागे उभी होती. बसा म्हटलं तर बसली नाही.

सत्त्याण्णव त्यांनी पुढे ढकलली. तीन बाजूला काढली.

"या तिन्हींत रेघ बाहेर आहे," ते म्हणाले.

टीपमावशीने पुढे होऊन पहिलं पाहिलं. "हो. झोप आली असेल. पुसा."

दुसरं पाहिलं. "हेही बाहेर आहे. पुसा."

तिसरं पाहिलं आणि ती तशीच वाकून राहिली.

"हे नाही पुसायचं."

"मावशी, रेघ बाहेर दिसतेय."

"रेघ कडेवर आहे. तुम्ही कड समजताय ती तारेच्या सावलीची कड आहे. ती फट बघा, सरळ येत येत इथे जरा रुंद झालीय. भिंत तिच्या मागे आहे. मागचं चित्र लावा, मग पुढचं लावा, फट सरकेल आणि भिंत दिसेल."

खोलीत चष्मेवाली होती, मास्तर होते. डॉक्टरांना कोणी असं सांगितलेलं त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं. डॉक्टरांनी चष्मेवालीकडे बघितलं. तिने मागचं चित्र लावलं. सावली जरा सरकली. मग पुढचं लावलं. सावली दुसरीकडे गेली आणि तिच्या जागी भिंतीची मऊ, विरलेली कड दिसायला लागली, टीपमावशीच्या रेघेला टेकून.

डॉक्टर तीन वेळा मागेपुढे करून बघत राहिले. मग त्यांनी ते कडं आपल्या हाताने उचलून सत्त्याण्णवांत ठेवलं.

"राहू दे," ते म्हणाले. "ही खुर्चीही राहू दे." आणि थंड चहा एका घोटात पिऊन गेले.

टीपमावशी खुर्चीत बसली, पाय वर घेतला आणि माउस हातात धरला.

"अगं, ती दोन पुसलेली लाव आधी," ती चष्मेवालीला म्हणाली. "गिऱ्हाईक खोळंबलंय."